लोटस एलान की माझदा मियाटा : कट्ट्यावरचा राडा

पक्याच्या मेव्हण्याने इंग्लंडमध्ये सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली (अमेरिकेत हिलाच मियाटा म्हणतात), पहिल्या मॉडेलची, लाल, पॉप-अप हेडलाइटवाली. फोटो बघताक्षणी अव्या म्हणाला, "ही तर लोटस एलान ढापलीये." झालं, चहा राहिला बाजूला.

मंद्या उखडलाच. "अरे लोटसची एलान ही १९६२ ची ब्रिटिश स्पोर्ट्सकार, ही १९८९ ची. मधल्या काळात तसल्या छोट्या, उघड्या ब्रिटिश गाड्या जवळजवळ संपल्या होत्या, माझदाने ती कल्पना उचलली आणि रोज सकाळी स्टार्ट होईल अशी गाडी बनवली, यात ढापणं काय आलं?"

तसं म्हणलं तर बरोबरेय. एलानचे हेडलाइट व्हॅक्यूमवर वर यायचे, सुरुवातीच्या गाड्यांत व्हॅक्यूम लीक झाला की डोळे पेंगायला लागायचे, माझदात सरळ मोटर. आणि एलानच्या मागच्या ड्राइव्हशाफ्टला, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्यांना, रबराचे जाडजूड कपलिंग, रोटोफ्लेक्स, क्लच सोडला की ते आधी पिळ खाणार मग गाडी हलणार, म्हणजे नवशिक्याच्या हातात बेडूकउड्याच. माझदावाल्यांनी याच्या बरोब्बर उलटं केलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एका अॅल्युमिनियमच्या फ्रेमने जखडून टाकले, पाय दाबला की लगेच जाणवतं.

"झालं तुझं? आता वजन बोल," अव्या. इथे मंद्या जरा गप्प झाला. कारण एलान सातशे किलोच्या आत आणि माझदा साडेनऊशेच्या आसपास. एलानच्या मधोमध स्टीलचा एक कणा, वर फायबरची बॉडी, १५५८ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन, ब्लॉक फोर्डचा आणि हेड लोटसचं, १०५ बीएचपी. माझदाच्या १.६ ला ११५ च्या आसपास, पण ओझं ओढायचंय ना. मॅक्लारेन एफ-१ ही सुपरकार बनवणारा गॉर्डन मरे, तोसुद्धा म्हणतो की आपल्या एफ-१ ला एलानसारखं स्टीअरिंग देता आलं नाही याची खंत आहे. याच्यावर काय बोलणार.

मंद्याचं म्हणणं, माझदाला अमेरिकेत विकायची होती, क्रॅशचे नियम, बंपर, रोज वापरता येईल अशी बॉडी, वजन वाढणारच. पटतं मला. तरी माझं मत अव्याकडेच, हलकेपणा नंतर वरून लावता येत नाही, भरवसा मात्र लावता येतो.

"म्हणजे कसा?" पक्या.

म्हणलं, बरेच एलानवाले रोटोफ्लेक्स काढून नेहमीचे जॉइंटवाले शाफ्ट बसवतात, काहीजण तर इंजिनसुद्धा नंतरचं फोर्डचं झेटेक टाकतात.

मंद्या खदाखदा हसला. "मग तू एलान घेऊन तिची मियाटाच केलीस की!"

"हो, पण पाव टन हलकी," अव्या म्हणाला. मेव्हण्याला काय कळवायचं ते पक्याला शेवटपर्यंत कोणी सांगितलंच नाही.