‘क्रोम जिंकला, विषय संपला’ हे म्हणणं मला का पटत नाही

एक मजकूर गेल्या काही दिवसांत मला चार वेगवेगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. शब्द थोडे इकडेतिकडे, म्हणणं एकच. ब्राउझरची, म्हणजे वेबसाइट उघडणाऱ्या अॅपची, लढाई कधीच संपली. क्रोम सगळ्यांत चांगला होता म्हणून लोकांनी तो घेतला. ज्याला नको त्याने दोन मिनिटांत दुसरा टाकावा. तसेही बाकीचे ब्राउझर आतून क्रोमच असतात. आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टीत न्यायालयांनी आणि स्पर्धा आयोगांनी लक्ष घालायचं कारणच काय?

मी वेबसाइट बनवण्याचं काम करतो. या मजकुरातलं प्रत्येक वाक्य मला कामाच्या निमित्ताने रोज भेटतं, म्हणून एकेक घेऊन उत्तर देतो.

‘क्रोम चांगला होता म्हणून जिंकला’

सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आला तेव्हा तो खरंच चांगला होता. पानं झपाट्याने उघडायची, एक टॅब अडकला तरी बाकीचे चालू राहायचे, नवी आवृत्ती गुपचूप आपोआप बसायची. हे श्रेय काढून घ्यायचं कारण नाही.

पण क्रोमला चांगलं असण्याची संधी कुठून मिळाली, ते पाहा. त्याआधी मैदानात इंटरनेट एक्स्प्लोरर होता, आणि तो विंडोजसोबत घरात आलेला होता. नेटस्केप नावाचा जुना ब्राउझर त्याच्यापुढे टिकला नाही. एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट 2001 मध्ये आली, सातवी थेट ऑक्टोबर 2006 मध्ये. मधली पाच वर्षं जगातल्या बहुतेक लोकांच्या ब्राउझरमध्ये जवळजवळ काहीच बदललं नाही, कारण बदलायला भाग पाडणारं कोणी उरलं नव्हतं. नोव्हेंबर 2004 मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, लोक तिकडे वळू लागले, तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टची टीम पुन्हा कामाला लागली.

मराठी वाचकाने तर हे सोसलेलं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांसाठीची सामाईक पद्धत, रुळण्याआधी अनेक मराठी वर्तमानपत्रांच्या साइट ‘डायनॅमिक फॉन्ट’ वापरायच्या. त्यातला बराच मामला मायक्रोसॉफ्टच्या फॉन्ट-प्रकारावर चालायचा आणि तो प्रकार फक्त एक्स्प्लोररला कळायचा. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसायचा. फायरफॉक्ससाठी मग ‘पद्मा’ नावाचं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, निघालं. ते असा मजकूर ओळखून युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. ज्याला आपल्या भाषेतली बातमी वाचायची, त्याने अमुक कंपनीचाच ब्राउझर वापरायचा, अशी ती अट होती. ती कोणी कागदावर लिहिलेली नव्हती, पण होती.

शिवाय चांगलं असणं हा क्रोमच्या यशाचा एक भाग झाला. जगातल्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या पानावर, म्हणजे गूगलच्या मुखपृष्ठावर, त्याची जाहिरात होती. इतर सॉफ्टवेअर बसवताना सोबत त्याचीही खूण आधीच केलेली असायची. आणि पुढे अँड्रॉइड फोनमध्ये तो दुकानातूनच बसून येऊ लागला. भारतात कोट्यवधी लोकांचं पहिलं इंटरनेट म्हणजे तो फोन. त्यांनी क्रोम ‘निवडला’ असं म्हणताना, समोर दुसरं काय ठेवलं होतं हेही सांगायला हवं.

‘दोन मिनिटांत बदलता येतो’

बदलता येतो, हे खरं. पण बहुतेक लोक बदलत नाहीत. हे आधीपासून बसवून देणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे आणि त्यासाठी ते किती पैसे मोजतात हे न्यायालयात उघड झालंय. अमेरिकेच्या न्याय विभागाने गूगलवर 2020 मध्ये दाखल केलेल्या खटल्यात समोर आलं की आपलं सर्च ब्राउझरांत आणि फोनवर आधीपासून बसलेलं असावं म्हणून गूगलने 2021 या एका वर्षात 26.3 अब्ज डॉलर दिले. ते सर्चसाठी होते, ब्राउझरसाठी नव्हेत. पण माणसाचा स्वभाव दोन्हीकडे एकच. लोक सहज बदलत असते तर एवढी रक्कम कोणी मोजली नसती. ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगल मक्तेदार आहे आणि ती मक्तेदारी टिकवण्यासाठी तिने कायदा मोडला, असा निकाल दिला.

‘दोन मिनिटं’ हेही नेहमी खरं नसतं. आयफोनवर दुसरा ब्राउझर मुख्य म्हणून ठेवण्याची सोयच सप्टेंबर 2020 पर्यंत नव्हती. विंडोज 11 आलं तेव्हा दुसरा ब्राउझर मुख्य करायचा तर प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी आणि लिंकसाठी वेगळं सेटिंग बदलावं लागायचं. ओरड झाली, मग 2022 मध्ये एक बटण आलं.

उलट बाजूचं उदाहरण युरोपात आहे. युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टकडून कबूल करून घेतलं आणि मार्च 2010 पासून विंडोज वापरणाऱ्यांसमोर ‘कोणता ब्राउझर हवा?’ असा पडदा येऊ लागला. मे 2011 ते जुलै 2012 या काळात एका आवृत्तीतून तो गायब झाला. सुमारे दीड कोटी लोकांना तो दिसलाच नाही. आयोगाने 2013 मध्ये त्याबद्दल 56.1 कोटी युरो दंड केला. मार्च 2024 पासून युरोपात आयफोनवरही असाच पडदा येतो, आणि त्यानंतर तिथे आपले वापरकर्ते वाढल्याचं फायरफॉक्स, ब्रेव्ह यांच्यासारख्यांनी सांगितलं. विचारलं की लोक निवडतात.

माझ्या आईला मी एकदा विचारलं, तू कोणता ब्राउझर वापरतेस? ती म्हणाली, “अरे, मी गूगल वापरते.” ब्राउझर आणि सर्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तिला कुणी कधी सांगितलंच नाही, मग ती निवडणार काय?

‘बाकीचे आतून क्रोमच आहेत’

मजकुरातलं सगळ्यांत खरं वाक्य हेच, आणि माझी सगळी काळजी इथेच आहे.

ब्राउझरचा गाभा म्हणजे त्याचं इंजिन; पानाचा कोड वाचून ते पान पडद्यावर मांडतं ते. आज मोठ्या वापरातली इंजिनं तीन: गूगलचं ब्लिंक, अॅपलचं वेबकिट आणि फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं गेको. ऑपेराने 2013 मध्ये स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने 2018 च्या डिसेंबरात तोच निर्णय जाहीर केला आणि जानेवारी 2020 मध्ये त्यांचा ब्राउझर एज नव्या रूपात, गूगलच्या पायावर आला. ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंगचा ब्राउझर, सगळे त्याच पायावर. भारत सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत पहिला आलेला झोहोचा ‘उला’सुद्धा. नावं दहा, इंजिन एक.

‘पण तो कोड तर खुला आहे,’ असं यावर लगेच ऐकू येतं. खुला आहे, कुणीही घेऊ शकतो. पण त्यात पुढे काय घालायचं, काय काढायचं, हे मुख्यतः गूगलची माणसं ठरवतात. गूगलने एक्स्टेन्शनचे नियम बदलले आणि जाहिराती अडवणारं लोकप्रिय यूब्लॉक ओरिजिन क्रोममध्ये बंद पडलं. फायरफॉक्समध्ये ते आजही पूर्ण ताकदीने चालतं, कारण तिथे इंजिन वेगळं आणि निर्णय घेणारी माणसं वेगळी.

वेगळ्या इंजिनाचा उपयोग आणखी ठळक दिसला तो 2021 मध्ये. गूगलने ‘फ्लॉक’ नावाची एक पद्धत आणली: ब्राउझरनेच तुमचं वाचन पाहून तुम्हाला आवडीनिवडीच्या एका गटात टाकायचं आणि तो गट साइटना सांगायचा. चाचणीसाठी निवडलेल्या देशांत भारत होता; युरोपीय संघातला एकही देश नव्हता, तिथे खासगीपणाचा कायदा कडक आहे. आपल्यापैकी काहींचे ब्राउझर त्या चाचणीत होते आणि आपल्याला कुणी विचारलं नव्हतं. मोझिलाने नकार दिला, ब्रेव्ह आणि विवाल्डीनेही दिला, आणि जानेवारी 2022 मध्ये गूगलने ती पद्धत मागे घेतली. 2023 मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आणखी एक प्रस्ताव मांडला. समोरचा ब्राउझर आणि यंत्र ‘विश्वासू’ आहे की नाही याचा दाखला साइटला मागता यावा, असा. मोझिलाने उघड विरोध केला, इतरांनीही केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो सोडून देण्यात आला.

दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणारा कोणीतरी होता. ज्याला नाही म्हणता येतं अशा माणसाकडे स्वतःचं इंजिन किंवा निदान स्वतःचे वापरकर्ते असावे लागतात. मी फायरफॉक्स वापरतो तो केवळ मला आवडतो म्हणून नाही. त्या ‘नाही’मागे एक माणूस वाढावा म्हणूनही वापरतो.

आणि ब्लिंकचा वंश पाहा. गूगलने ते 2013 मध्ये अॅपलच्या वेबकिटपासून वेगळं केलं. वेबकिट निघालं केएचटीएमएलमधून, आणि ते केडीई नावाच्या मुक्त प्रकल्पातल्या लोकांनी आपल्या छोट्या ब्राउझरसाठी लिहिलं होतं. ‘एक चांगलं इंजिन आहे, दुसरं कशाला?’ हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता.

‘एकच ब्राउझर असला तर सगळ्यांना सोपं’

हे मला सहकारी ऐकवतात. दक्षिण कोरियाने हे सोपेपण वीस वर्षं अनुभवलं. 1990 च्या दशकाच्या अखेरीस तिथे ऑनलाइन व्यवहारांसाठी देशी सांकेतिक पद्धत ठरली. तिच्यात ओळख पटवणारी प्रमाणपत्रं लागायची. ती चालायची अॅक्टिव्हएक्स या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रावर आणि अॅक्टिव्हएक्स चालायचं फक्त एक्स्प्लोररमध्ये. मग बँक, खरेदी, सरकारी काम, सगळ्याला एक्स्प्लोररच लागायचा. त्या जुन्या प्रमाणपत्रांचा खास कायदेशीर दर्जा संपायला डिसेंबर 2020 उजाडला. जून 2022 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर निवृत्त केला, तोवर कोरिया त्यातून सुटका करून घेतच होता.

आपल्याकडे तीच सवय नव्या नावाने आली आहे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीचा प्रवेश-अर्ज भरायला बसलो होतो. ‘पुढे’ या बटणावर कितीही दाबलं तरी काही होईना. मदतीच्या क्रमांकावर उत्तर मिळालं, “क्रोममधून करा.” शेवटच्या दिवसाची संध्याकाळ होती. ते बटण चालायला कोडच्या दोन ओळी पुरल्या असत्या. मी नंतर पाहिलं. बनवणाऱ्याने दुसऱ्या ब्राउझरमध्ये एकदाही उघडून पाहिलं नव्हतं, एवढंच.

‘फुकट आहे, मग तक्रार कसली?’

इथे एकच गोष्ट सांगतो. तुम्ही एका साइटवरून दुसऱ्या साइटवर गेलात तरी तुमचा माग ठेवणाऱ्या त्रयस्थ कुकीज (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) फायरफॉक्सने 2019 मध्ये आपणहून अडवायला सुरुवात केली. अॅपलच्या सफारी ब्राउझरने मार्च 2020 मध्ये त्या पूर्ण बंद केल्या. गूगलने जानेवारी 2020 मध्ये ‘दोन वर्षांत बंद करू’ असं सांगितलं, तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली आणि जुलै 2024 मध्ये तो बेत सोडला. त्या कंपनीची मुख्य कमाई जाहिरातींची आहे.

‘न्यायालयांनी यात पडू नये’

भारतीय स्पर्धा आयोगाने 20 ऑक्टोबर 2022 ला अँड्रॉइड प्रकरणात गूगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. त्या आदेशात ब्राउझरचा स्वतंत्र उल्लेख आहे: अॅप स्टोअरमधलं वर्चस्व वापरून क्रोमची जागा राखली, असा आयोगाचा निष्कर्ष. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने चार निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. या प्रकरणामुळेच भारतात फोन बनवणाऱ्यांना गूगलची अॅप सुटी सुटी घेण्याची मुभा मिळाली. बाजाराने ती आपणहून दिली नव्हती.

न्यायालयं सगळं नीट करतात असं मी म्हणत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये मेहतांनी क्रोम विकायला लावण्याची मागणी फेटाळली. इतरांना बाजूला ठेवणारे करार त्यांनी बंद केले, पण सर्च आधीपासून बसवण्यासाठी पैसे देण्यावर बंदी घातली नाही. त्याच सुनावणीत मोझिलाच्या वित्तप्रमुखांनी साक्षीत सांगितलं होतं की हे पैसे अचानक थांबले तर फायरफॉक्स बंद पडू शकतो, कारण मोझिलाची बहुतांश कमाई गूगलकडूनच येते. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर उरलेलं एकमेव मोठं इंजिन त्याच कंपनीच्या पैशावर उभं आहे जिला त्याने ‘नाही’ म्हणायचं असतं. लढाई संपली असं म्हणणाऱ्या मजकुरात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.