सातव्या ओळीतले काका

सकाळपासून डोकं फिरलंय. इथे लिहून मोकळी होते, मग कामाला लागते.

ब्लॉगचे लेख ईमेलने पाठवायला मी जी सेवा वापरते, तिने आज सूचना दिली: तुमच्या यादीतले ४१ वाचक 'निष्क्रिय' आहेत, सहा महिन्यांत एकही मेल उघडलेला नाही, काढून टाकायचे का? खाली हे एवढं मोठं निळं बटण. ट्रॅफिकमधलं, म्हणजे ब्लॉगवर किती लोक कुठून येतात यातलं, ज्याला कळतं अशा मित्राला विचारलं, तर म्हणे, "उडव की! क्लिक नाही, व्हिजिट नाही, नुसती खोगीरभरती."

मी यादी उघडली. सातव्या ओळीत काकांचा पत्ता.

काका नात्यातले नव्हेत. २०१२ साली मला असाच कुणीतरी शहाणपणा शिकवला होता की फीडमध्ये (नवे लेख वाचकाच्या 'रीडर' ॲपमध्ये आपोआप पोचवणारी सोय) पूर्ण लेख देऊ नकोस, लोक रीडरमध्येच वाचून उठतात, ब्लॉगवर फिरकत नाहीत. ते खरंही होतं. आकडे मोजणारा कोड ब्लॉगच्या पानावर असतो, फीडमध्ये तो चालत नाही. तिथे वाचणारा माणूस आपल्या हिशेबात येतच नाही. मग मी सेटिंग बदललं आणि फीडमध्ये फक्त सुरुवातीच्या चार ओळी ठेवल्या. आठवडाभर आलेख चढत गेला. मी दिवसातून दहा वेळा तो बघायची, लाज वाटते सांगायला. आणि एका संध्याकाळी अनोळखी पत्त्यावरून दोन ओळींचा मेल आला: "आज तुमचा लेख मध्येच गप्प झाला. माझं काही चुकलं का?"

तेच हे काका. त्यांना दिसत नाही. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर ऐकतात. ब्लॉगचं पान उघडलं की आधी मेनू वाचला जायचा, मग बाजूची पट्टी, मग जुन्या लेखांचे महिने एकेक करत, आणि एवढं सगळं झाल्यावर माझा लेख. फीडमध्ये मात्र शीर्षक आणि थेट मजकूर. चुकलं माझं होतं, आणि विचारत ते होते! त्याच रात्री फीड पूर्ववत केलं. आलेख चार दिवसांत जागेवर आला. येऊ दे.

१ जुलै २०१३ ला गूगल रीडर बंद झाला, तेव्हा माझे फीडवरचे कितीतरी वाचक कुठे गेले ते मला आजवर कळलेलं नाही. काका मात्र ईमेलवर आले. मेल ते साध्या मजकुरात घेतात, चित्रं बंद. आता गंमत बघा. मेल 'उघडला' हे त्या सेवेला कसं कळतं? मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक टिकलीएवढं चित्र असतं, ते लोड झालं की उघडल्याची नोंद होते. चित्र लोडच झालं नाही तर मेल शब्दन् शब्द ऐकलेला असला तरी नोंद शून्य. उलट २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आहे, तिच्यात चित्रं आधीच लोड होऊन बसतात. तिथे मेलकडे ढुंकूनही न बघणारा 'सक्रिय' ठरतो आणि इथे काका निष्क्रिय!

आणि ट्रॅफिकचंच म्हणत असाल तर तेही सांगते. सर्चमधून येणारे ढीगभर असतात, मान्य. पण ते एका प्रश्नाचं उत्तर घेऊन निघून जातात, बरेचदा माझं नावही न वाचता. नवा लेख टाकला की पहिल्या दिवशी जो उंचवटा दिसतो तो सबस्क्रायबरांचा. लेख पुढे पाठवतात तेच, स्वतःच्या ब्लॉगवर लिंक देतात तेच, आणि त्या लिंकांमुळे सर्चवाले येतात. काका लेख आवडला की तीन-चार मित्रांना पाठवतात. ते मित्र माझ्या आलेखात 'डायरेक्ट', म्हणजे कुठून आले ते कळलं नाही, या रकान्यात पडतात. श्रेय कुणालाच नाही.

हो, जाहिरातींवर ब्लॉग चालवणाऱ्याला पान उघडलं जाणं लागतं. आणि बंद पडलेल्या पत्त्यांवर मेल पाठवत राहिलं की बाकीच्यांचेही स्पॅममध्ये जायला लागतात, हेही खरं. झालं? घेतलं ऐकून.

मित्रावर जरा जास्तच चिडले मघाशी. त्याचा स्वतःचा ब्लॉग माझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. रोज आकडे बघून बघून त्याने तो बंद केला, तेव्हा मीही त्याला "अरे, मी वाचते" असं एकदाही कळवलं नव्हतं. फीडमधूनच वाचायचे ना मी. त्याच्या आलेखात मी कुठे असणार?

मागच्या महिन्यात काकांचा मेल आला होता, तिसऱ्या परिच्छेदात तेच वाक्य दोनदा आलंय म्हणून. खरंच आलं होतं. मी चार वेळा वाचून सुटलेलं त्यांनी एकदा ऐकून पकडलं.

तर ते ४१ पत्ते आता एकेक करून बघणार आहे, आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्यांना साध्या मजकुरात दोन ओळी पाठवून विचारणार आहे. तुमच्यापैकी कुणी अशी सेवा वापरत असेल तर एक सांगा: एखाद्या नावापुढे 'याला हात लावू नका' अशी खूण कुठून करतात? मला सेटिंगमध्ये सापडत नाहीये.