हिरव्या दिव्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

लिथियम सेल चार्ज करणाऱ्या छोट्या मॉड्यूलवरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की त्याचा "फुल चार्ज"चा हिरवा दिवा खोटं बोलतो. त्या लेखाखाली एका वाचकांनी लिहिलंय: "डेटाशीट न उघडता सोल्डरगन हातात घेतली की असे लेख होतात. हिरवा दिवा खोटं बोलत नाही, तुम्हाला तो वाचता येत नाही." पुढे स्टँडबाय पिन (चिपचा हिरवा दिवा लावणारा पाय), तापमानाची पिन (सेल किती तापला ते बघणारा पाय) आणि चार्जिंग चालू असताना लोड, म्हणजे सेलवर चालणारं उपकरण, जोडणं, असे तीन मुद्दे आहेत.

साहेब, चूक दाखवायची एक रीत असते. "हे वाक्य तपासा" एवढं म्हटलं असतंत तरी मी तपासलं असतं. २००१ पासून कोल्हापुरात शाहूपुरीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. २०१९ च्या महापुरात पाणी काउंटरच्या वर गेलं होतं. ते ओसरल्यावर लोकांनी चिखलाने भरलेले इमर्जन्सी लॅम्प आणून दिले, ते एकेक उघडून, धुऊन, वाळवून मी चालू केलेत. डेटाशीट उघडत नाही हे तुम्ही कुठे बसून ठरवलंत?

टीपी४०५६ ची, म्हणजे या मॉड्यूलवरच्या चार्जिंग चिपची, डेटाशीट (कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक) माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. १.२ किलोओहमचा रेझिस्टर लावला की चार्जिंग करंट १००० मिलिअँपिअर. सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरत जातो, आणि ठरवलेल्या करंटच्या एक दशांशावर, म्हणजे १०० मिलिअँपिअरवर आला की चिप चार्जिंग थांबवते. लाल विझतो, हिरवा लागतो. याचा अर्थ एवढाच की करंट उतरला. सेलमध्ये किती माल भरला, हे चिप मोजतच नाही.

आता माझ्याकडे काय येतं ते सांगतो. मागच्या महिन्यात करवीर तालुक्यातला एक शेतकरी डोक्याला लावायची बॅटरी घेऊन आला. शेतीपंपाची लाईट त्याला रात्रीची, त्यामुळे उसाला पाणी पाजायला अंधारातच जायचं. म्हणाला, "हिरवी लागलेली बघून काढली, आणि अर्ध्या तासात बांधावर विझली. पायाखाली काय आहे दिसंना." सेल काढून त्याच मॉड्यूलवर लावला. पाऊण तासात हिरवा! व्होल्टेज बघितलं तर ४.१८, एकदम व्यवस्थित. मग डिस्चार्ज करून मोजला: वर छापलेत २२००, निघाले साडेचारशे मिलिअँपिअर-अवर. सेल म्हातारा झाला की त्याचा आतला रोध वाढतो, मावतंही कमी. चार्जरवर तो लवकर ४.२ गाठतो, करंट लवकर उतरतो आणि हिरवा लवकर लागतो. जितका सेल खराब, तितका हिरवा घाईने.

त्या माणसाने दिवा चुकीचा वाचला, असं तुम्ही म्हणणार. त्याने कसा वाचायचा होता? पॅकेटवर "फुल चार्ज" छापलंय आणि शेजारी हिरवा ठिपका काढलाय. डेटाशीट बांधावर नेऊन वाचायची का त्याने? मी "खोटं बोलतो" लिहिलं ते त्याच्या बाजूने लिहिलंय, आणि तुमच्या सुरात सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की तो माणूस तुमच्या हिशेबातच नाही.

एक चूक मात्र माझी आहे, ती मान्य करतो. स्टँडबाय पिन "५ व्होल्ट देते" असं मी लिहिलं होतं. ती देत नाही. ती ओपन ड्रेन आहे, म्हणजे स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त खाली ग्राउंडकडे ओढते. एलईडीचे दोन-तीन मिलिअँपिअर ती आरामात ओढते, पण ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल सत्तरेक मिलिअँपिअर घेते, ती थेट या पिनवर लावायची नाही, मध्ये ट्रान्झिस्टर हवा. माझ्या बेंचवर तो होताच, लिहिताना वाक्य घसरलं.

तापमानाची पिन बाजारातल्या मॉड्यूलवर ग्राउंडलाच जोडलेली येते, त्यावर वाद घालण्यात मला रस नाही. लोडचा मुद्दा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. त्यावर तुम्हाला लिहायचं असेल तर तुमचा ब्लॉग काढा, मी येऊन वाचेन आणि प्रतिक्रिया नीट भाषेत देईन.

पिनचं वाक्य आज दुरुस्त केलंय. दिव्याचं वाक्य तसंच राहील.