एप्रिलात पाऊस नसतो म्हणे!

उघड्या मैदानावर, कापडी माटवाखाली, एप्रिल महिन्यात टपाल तिकिटं-नाण्यांच्या अदलाबदलीचा मेळावा भरवायची कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. बाकीचं मी बघतो.

आधी फोन करून विचारलं होतं हो. हॉल का नाही? हॉल लग्नाला गेलाय. दुसरा हॉल? तिथे नाटकाची तालीम. मग तारीख बदला, जानेवारीत काय धाड भरली होती? तर म्हणे, ‘कांय जायना हो, एप्रिलात खंयचो पावस?’ गेल्या वर्षीही हेच उत्तर होतं. गेल्या वर्षीही भिजलो होतो. ते कोणाच्या लक्षात असेल तर शपथ.

परवाच्या रविवारी फोंड्याकडे साडेतीनपर्यंत ऊन असं, की टेबलावरच्या नाण्यांचे चटके बसत होते. स्टँडचा पंखा लावला तर तिकिटं उडतात, बंद केला तर कपाळावरचा घाम थेट अल्बमात टपकतो. पंखा लावा-बंद करा यावरूनच तिकीटवाले आणि नाणीवाले भांडत होते. नाणीवाल्यांचं काय जातं? त्यांचा तांब्याचा तुकडा वाऱ्याने उडत नाही. मग घाटाच्या बाजूला मळब धरलं. मी बोट करून दाखवलं. आयोजक महाशय उलट दिशेला, समुद्राकडे बघून म्हणाले, ‘आभाळ तर स्वच्छ आहे.’ अहो, समुद्रावरून येतो तो जूनचा! हा वळीव. दिवसभर तापलेल्या सह्याद्रीवर ढग उभे राहतात आणि दुपार कलली की पश्चिमेला सरकून आपल्या टाळक्यावर रिकामे होतात. गोव्यात केस पांढरे केलेल्या माणसाला हे मी सांगायचं?

आणि पाऊस कधी एकटा येतो का? आधी त्याचा वारा. एक गार झोत आला, माटवाचा एक खांब सुटला आणि एका वयस्कर गृहस्थांची, सेरेस देवीच्या चित्राच्या पोर्तुगीज काळातल्या तिकिटांची, पानंच्या पानं भिरभिरत मैदानभर. लोक मदतीला धावले. चपला घालून! तिकीट उचलायचं की त्याच्यावर उभं राहायचं, हेच कोणाला कळेना. त्या गृहस्थांचा चेहरा बघवत नव्हता. मग सर आली. छताचं कापड पाण्याने म्हशीच्या पोटासारखं लोंबायला लागलं, आणि एका उत्साही कार्यकर्त्याने ते खालून काठीने ढोसलं. ते सगळं पाणी कुठे पडलं असेल, ओळखा.

मी तयारीने गेलो होतो, हे आधी लक्षात घ्या. ताडपत्री, कपड्यांचे चिमटे, झिपच्या पिशव्या, ग्लासाइन कागदाची पाकिटं, बुटांच्या खोक्यांतून वर्षभर जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, सगळं होतं. रंग बदलणारे दाणेही वेगळे आणले होते. घरून निघताना निळे होते, चहा यायच्या आत गुलाबी! म्हणजे पावसाचा थेंब पडायच्या आधीच हवेतल्या दमटपणाने त्यांचा निकाल लावला होता. उन्हाची तयारी करावी तर पाऊस, पावसाची करावी तर वारा, वाऱ्याची करावी तर एक पान हलत नाही आणि नुसता घाम. या ऋतूला वसंत म्हणणारे कवी कुठल्या गावचे?

तरी निसर्गाचं एक वेळ सोडून देऊ. माणसांचं काय करायचं? भाजी-पाव खाऊन, बोटं पँटला पुसून, त्याच बोटांनी मिंट, म्हणजे न वापरलेलं, डिंकासकटचं कोरं तिकीट उचलणारे! समोर चिमटा ठेवलाय, तो काय नाकातले केस उपटायला? माझ्या एका ब्लॉकवर, म्हणजे न फाडलेल्या जोडतिकिटांवर, आता पातळ भाजीच्या तेलाचा गोल डाग आहे, उजेडात धरला की पलीकडचं दिसतं. शिवाय वैष्णोदेवीचं 5 रुपयांचं नाणं फडक्यात बांधून आणणारे आणि ‘याचे लाखो मिळतात ना?’ विचारणारे. नाही मिळत! दर वर्षी तेच. आणि तांब्याची नाणी स्वस्त पीव्हीसीच्या पाकिटात ठेवून ती हिरवी पडली की आमच्याकडे ‘हे कसं काढायचं’ म्हणून येणारे. काढू नका, ठेवा तशीच, शोभतंय.

काजूचा मोहर गळला की पेपरात फोटोसकट बातमी येते. आंब्याचं नुकसान झालं की पंचनाम्याची मागणी होते. अंगणात घातलेली कोकमाची सोलां भिजली तरी शेजारीपाजारी हळहळतात. तिकिटं चिकटली तर? ‘त्यात काय, जुनीच होती ना?’

एवढं सगळं मी त्या मैदानात, भर पावसात, मोठ्याने बोललो. माझ्या डोक्यावर छत्री नव्हती, अल्बमावर रेनकोट होता. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करत होता. घरी आल्यावर बायको म्हणाली, ‘तुम्ही ओरडलात म्हणून ढग फुटला असेल.’ तिचं बरोबर असेल. पावसाळ्यात आमच्या कपाटात तिकिटांसाठी बल्ब जळतो आणि माणसांचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, अशा घरात मला सहानुभूती कोण देणार?

पण खरी गंमत पुढे आहे. पाऊस आला त्या क्षणी माझी अदलाबदल अर्ध्यावर होती. पोर्तुगीज गोव्याची 1959 ची ती नाण्यांच्या चित्रांची तिकीट-मालिका, तिच्यातलं मला हवं असलेलं एकच तिकीट मडगावच्या एका बाबांकडे होतं. त्याच्या बदल्यात मी त्यांना पोर्तुगीज राज्यात रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला तेव्हा नवी किंमत ठोकलेलं एक तिकीट देणार होतो. दोन्ही टेबलावर एकमेकांशेजारी. झोत आला, माझं त्यांच्यावर जाऊन पडलं, वरून थेंब. आता माझ्याचा डिंक त्यांच्याच्या तोंडाला घट्ट. पाण्यात सोडवली तर डिंक जाणार, म्हणजे ना मिंट ना वापरलेलं. ओढली तर दोन्ही फाटणार. ते म्हणतात, सौदा झाला नव्हता, वरचं तुमचं, खालचं माझं. मी म्हणतो, झाला होता, खालचं माझं. शेवटी सोडवेपर्यंत माझ्याकडे ठेवायचं ठरलं.

फ्रीजरमध्ये ठेवलं की कधी कधी डिंक सुटतो म्हणतात. ठेवलंय, बांगडे मासळीच्या डब्याशेजारी. आणि काल संध्याकाळी पुन्हा गडगडलं, तेव्हापासून आमच्या वाड्यावर लाईट नाही. मडगावच्या बाबांचे सकाळपासून तीन फोन येऊन गेले.