‘कीथमध्ये मी बनवलेली स्कॉच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

स्कॉटलंडमधल्या कीथ गावच्या स्ट्रॅथआयला डिस्टिलरीत (मद्य काढण्याच्या कारखान्यात) मी स्वतःच्या प्रमाणाने व्हिस्क्या मिसळल्या, त्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून मोकळे होता आले असते, परंतु आपल्या आक्षेपांपैकी एक पूर्णपणे खरा आहे, एक अर्धा खरा आहे आणि एक माझ्या मते गैरसमजावर उभा आहे. त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात असे की, पर्यटकापुढे पाच बाटल्या मांडायच्या, त्याने प्रत्येकीतले थोडे थोडे एका भांड्यात ओतायचे, वर आपल्या नावाची चिठ्ठी डकवायची आणि याला ‘स्कॉच बनवली’ म्हणायचे, हे तयार सरबते एकत्र करून स्वतःला आचारी म्हणवून घेण्यासारखे आहे. खरी स्कॉच म्हणजे सिंगल माल्ट, म्हणजे निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की; ब्लेंड ही माल्टमध्ये इतर धान्यांची स्वस्त ग्रेन व्हिस्की घालून केलेली सभ्य भेसळ होय. आणि बारा वर्षांच्या व्हिस्कीविषयी मी लिहिलेले वाक्य साफ चूक आहे.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. लेबलावरचा १२ हा आकडा बाटलीतल्या व्हिस्क्यांच्या वयाची सरासरी दाखवतो असे मी लिहिले होते आणि ते चूक होते. तो आकडा त्यातल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचे वय सांगतो. अठरा वर्षांच्या नव्याण्णव लिटर व्हिस्कीत बारा वर्षांची एक लिटर पडली, तरी लेबलावर अठरा लिहिता येत नाही, फार तर बारा लिहिता येते. माझ्यासमोरच्या बाटल्यांवर वये लिहिलेली नव्हती, त्यामुळे माझ्या बाटलीवर कोणताही आकडा घालण्याचा प्रश्न आला नाही. तो आला असता तर कदाचित ही चूक मला तिथेच कोणीतरी दाखवली असती.

आता भेसळीचा आरोप. हा आरोप एकदा न्यायालयात जाऊन आलेला आहे, हे आपल्या वाचनात कदाचित आले नसावे. १९०५ साली लंडनच्या उत्तर भागातील इस्लिंग्टनच्या स्थानिक प्रशासनाने काही मद्यविक्रेत्यांवर अन्नभेसळीच्या कायद्याखाली खटले भरले. ग्राहकाने स्कॉच मागितली असताना त्याला जे दिले गेले, त्यात माल्ट नावापुरते आणि बाकी सगळी ग्रेन, अशी तक्रार होती. १९०६ च्या आरंभी दंडाधिकाऱ्यांनी निकाल विक्रेत्यांच्या विरोधात दिला, म्हणजे आपला पक्ष एकदा रीतसर जिंकलेला आहे. अपिलात न्यायपीठाची मते समसमान विभागली गेली आणि काहीच ठरले नाही. अखेर १९०८ साली शाही आयोग नेमावा लागला, आणि त्याने १९०९ मध्ये ग्रेन व्हिस्कीही व्हिस्कीच आणि दोहोंचे मिश्रणही व्हिस्कीच, असा निर्वाळा दिला.

आयोगाने म्हटले म्हणून आपण का मानावे, असे आपण विचाराल, आणि ते योग्यच आहे. म्हणून ग्रेन व्हिस्की म्हणजे काय ते पाहू. माल्ट व्हिस्की मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून तांब्याच्या फुगीर भट्टीत, बहुधा दोनदा उकळून काढतात. ग्रेन व्हिस्कीसाठी थोड्या मोड आणलेल्या बार्लीबरोबर मुख्यतः गहू किंवा मका वापरतात आणि ती उंच स्तंभाच्या भट्टीत अखंड चालणाऱ्या प्रक्रियेने काढतात. या भट्टीचे पेटंट एनियस कॉफी या आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकाऱ्याने १८३० साली घेतले. आपण तिला ‘नुसता स्पिरिट’ म्हणता. परंतु स्कॉचच्या नियमांप्रमाणे हा अर्कसुद्धा ९४.८ टक्क्यांपेक्षा कमी तीव्रतेला काढावा लागतो, म्हणजे धान्याचा वास आणि चव पूर्णपणे धुऊन निघता कामा नये. शिवाय ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे तो मुरावा लागतो. पाणी आणि साधा कॅरमेल रंग यांखेरीज त्यात काहीही घालता येत नाही. हे सगळे नियम माल्टलाही तसेच्या तसे लागू आहेत.

याच संदर्भात आपण असेही विचारले आहे की, आपल्याकडचे कारखानदार देशी स्पिरिटमध्ये स्कॉटलंडहून आणलेले माल्ट मिसळतात तेव्हा आपण नाक मुरडतो, मग स्कॉटिश माणसाने मिसळले की ती कला कशी? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे की फरक मिसळण्यात नाही, कशात मिसळले यात आहे. उसाच्या मळीपासून काढलेला, जवळजवळ निर्गंध होईपर्यंत शुद्ध केलेला आणि पिंपाचे तोंडही न पाहिलेला अर्क हा आपल्याकडच्या अनेक व्हिस्क्यांचा पाया असतो, आणि मळीपासून काढलेल्या मद्याला ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात व्हिस्की या नावाने विकता येत नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला मळी म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. आता आपल्याकडेही धान्यापासून अर्क काढणारे कारखाने आहेत, आणि भारतीय सिंगल माल्टचे नाव परदेशातही झाले आहे. माझा आक्षेप देशाला नाही.

आपल्या प्रतिक्रियेतला माझ्या मते खरा गैरसमज ‘सिंगल’ या शब्दाविषयीचा आहे. सिंगल माल्ट म्हणजे एका पिंपातली, कोणीही हात न लावलेली व्हिस्की, असे आपण गृहीत धरले आहे. ‘सिंगल’ म्हणजे एकच डिस्टिलरी. त्या डिस्टिलरीतली कितीतरी पिंपे, कोणी बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मुरवून झालेले दोनशे लिटरचे, कोणी शेरी या स्पॅनिश वाइनचे पाचशे लिटरचे, कोणी तीनदा वापरून थकलेले, एकत्र करूनच बहुतेक सिंगल माल्ट बाटलीत उतरते. म्हणजे मिश्रण तिथेही आहे, आणि ते करणारा माणूसही तोच. ही रेघ किती बारीक आहे हे पाहायचे असेल तर या धंद्यातला एक जुना रिवाज ध्यानात घ्यावा. एखादी डिस्टिलरी आपली पिंपे दुसऱ्याला विकते, पण विकत घेणाऱ्याने आपल्या नावाने सिंगल माल्ट काढू नये अशी तिची इच्छा असते. तेव्हा ती पिंपात शेजारच्या डिस्टिलरीचे माल्ट चमचाभर घालते. चवीत तिळमात्र फरक पडत नाही, पण कायद्याच्या दृष्टीने ते सिंगल माल्ट राहत नाही, ब्लेंडेड माल्ट होते. आपली ‘शुद्ध’ आणि ‘भेसळ’ यांच्यातली सीमा चमचाभर रुंदीची आहे, एवढेच मला सुचवायचे आहे.

आता स्ट्रॅथआयलाच्या त्या टेबलाकडे येतो. (तिथली नदी आयला आणि पश्चिमेकडचे धुरकट व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेले बेटही उच्चारात आयलाच, इंग्रजी स्पेलिंग वेगवेगळी असली तरी देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, आणि मराठी माणसाला चारचौघांत हा शब्द उच्चारताना जरा जपूनच उच्चारावा लागतो.) १७८६ पासूनची ही डिस्टिलरी १९५० साली शिवास ब्रदर्स या व्हिस्की कंपनीकडे आली आणि तिथले माल्ट हे त्यांच्या ब्लेंडमधले एक महत्त्वाचे माल्ट आहे. माझ्यासमोर एक ग्रेन आणि चार माल्ट होती: एक फळांच्या वासाचे, एक फुलांच्या, एक साईसारखे मऊ आणि एक धुरकट. जोडीला मोजपात्र, काचेची थेंबनळी आणि ट्युलिपच्या आकाराचा वास घेण्याचा पेला.

ग्रेन ही स्वस्त भर आहे असे आपल्याप्रमाणे मलाही वाटत होते, म्हणून पहिला नमुना मी तिच्याशिवायच केला. चारही माल्ट पाच-पाच मिलिलिटर घेतली. परिणाम असा झाला की नाकाला धुराखेरीज काही कळेना, आणि घोट घेतल्यावर जिभेवर सगळे एकाच वेळी आदळले. दुसऱ्या नमुन्यात धूर पाचावरून दोनावर आणला, तरीही तो सर्वांच्या डोक्यावर बसलेला होता. गोडा मसाला करणाऱ्या कोणालाही हे लगेच समजेल: दगडफूल चिमूटभर जास्त झाले की मसाल्यात दुसरे काही उरत नाही. तिसऱ्या नमुन्यात धूर एक मिलिलिटर ठेवला आणि ग्रेन दहा मिलिलिटर, म्हणजे बरोबर निम्मी घातली, आणि इथे मला प्रथमच फुलांचे माल्ट सापडले, जे आधीच्या दोन्ही नमुन्यांत असूनही हरवले होते. ग्रेनने स्वतःची चव फारशी दाखवली नाही. तिने इतरांच्यात अंतर पाडले. ब्लेंडमध्ये ग्रेनचे प्रमाण बहुधा निम्म्याहून जास्त का असते, याला किंमत हे एक कारण आहेच आणि ते मी नाकारत नाही, पण ते एकमेव कारण नाही, हे त्या दहा मिलिलिटरने मला पटवले. शेवटी २०० मिलिलिटरच्या बाटलीत ग्रेन १००, फळांचे ४०, फुलांचे ३०, साईचे २० आणि धुराचे १०, असे प्रमाण ठरले. मोजपात्रात द्रवाची वाकलेली खालची कड डोळ्यांच्या रेषेत आणून आकडा वाचायचा, हे आठवी-नववीच्या प्रयोगशाळेत शिकलेले तंत्र त्यानंतर पहिल्यांदाच उपयोगी पडले.

स्वतःच्या प्रमाणाने मिश्रण करणे हा पर्यटकांसाठी काढलेला नवा खेळ आहे, असेही आपण म्हटले आहे. टेबल नवे आहे, काम जुने आहे. एडिनबरोच्या अँड्र्यू अशरने १८५३ च्या सुमारास ग्लेनलिव्हेट डिस्टिलरीतल्या निरनिराळ्या वयांच्या पिंपांचे मिश्रण विकायला काढले. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट आणि ग्रेन एकत्र करण्याची मुभा दिली आणि मग या धंद्याला वेग आला. किल्मार्नकचे वॉकर काय, अ‍ॅबरडीनचे शिवास बंधू काय, हे मूळचे किराणा दुकानदार. चहाच्या पत्त्यांचे मिश्रण करून गिऱ्हाईक टिकवणारी ही माणसे होती. आपल्याकडे चहाच्या दुकानात ‘अर्धी आसाम, अर्धी डस्ट’ असे सांगून पुडा बांधून घेणारे गिऱ्हाईक अजून दिसते, त्याच जातीचे हे काम. आणि १८८२ साली लीथच्या विल्यम सँडरसनने शंभराच्या आसपास मिश्रणे करून जाणकारांपुढे ठेवली, त्यातल्या ६९ क्रमांकाच्या पिंपाला त्यांनी पसंती दिली, अशी ‘व्हॅट ६९’ या नावामागची कथा सांगितली जाते. हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांच्या टेबलावरची ती बाटली आपल्या पिढीला वेगळी सांगायला नको. सँडरसनने शंभर केली, मी तीन केली.

इथवर मी माझी बाजू मांडली. आता जिथे आपण अर्धे बरोबर आहात तिथे येतो. मी जे केले ते ब्लेंडरचे, म्हणजे व्हिस्क्यांचे मिश्रण ठरवणाऱ्या माणसाचे, काम नव्हते, हे मला मान्य आहे. मात्र त्याचे कारण आपण देता ते नाही. तयार व्हिस्क्या समोर होत्या म्हणून ते काम खोटे ठरत नाही, कारण ब्लेंडरच्या समोरही तयार व्हिस्क्याच असतात. तो भट्टी पेटवत नाही. तो बहुधा डिस्टिलरीत बसतही नाही. ब्लेंडिंगचे खरे काम बरेचसे ग्लासगोच्या परिसरातल्या नमुना-खोल्यांत चालते, ग्रेन व्हिस्की तर फाइफमधल्या कॅमरनब्रिजसारख्या वेगळ्याच कारखान्यांत तयार होते, आणि स्ट्रॅथआयलाच्या आवारात रोजच्या कामात ब्लेंड होत नाही. हे मी लेखात स्पष्ट करायला हवे होते.

फरक आहे तो असा. मला एकदाच, मला आवडेल असे मिश्रण करायचे होते. ब्लेंडरला त्याच्या आधीच्याने ठरवलेली चव यंदा, पुढल्या वर्षी आणि दहा वर्षांनी तशीच द्यायची असते, आणि त्याच्या हातातला माल मात्र दरवर्षी बदलत असतो: पिंपातून साधारण दोन टक्के मद्य दरसाल हवेत उडून जाते, एखादी डिस्टिलरी बंद पडते, शेरीची पिंपे मिळेनाशी होतात. अशा वेळी त्याला प्रमाणे बदलावी लागतात, ती यासाठी की पिणाऱ्याला काहीच बदललेले कळू नये. त्यासाठी तो दिवसभरात असंख्य नमुने पाण्याने वीस टक्क्यांच्या आसपास आणून केवळ हुंगतो, गिळत नाही. माझ्या बाटलीतले प्रमाण मी वर दिले आहे, पण ते घेऊन मी उद्या पुन्हा तिथे गेलो आणि त्या पाच बाटल्यांत वेगळ्या पिंपांतला माल भरलेला असला, तर तेच आकडे मला तीच चव देणार नाहीत. आणि ती परत आणण्यासाठी कोणता आकडा किती हलवायचा, हे मला सुचणार नाही. ते ज्याला सुचते तो ब्लेंडर. माझ्या लेखाच्या शीर्षकातल्या ‘बनवलेली’ या शब्दाला आपण हरकत घेतलीत ती याच अर्थाने मी स्वीकारतो.

चव नेमकी कशी होती हे लिहिलेच नाही, ही आपली तक्रारही रास्त आहे. बाटली घरी आणून दोन महिने उघडली नाही, कारण मिसळलेल्या व्हिस्क्यांना एकजीव व्हायला थोडा वेळ द्यावा असे तिथे सुचवले होते. उघडल्यावर आधी पिकलेल्या पेअरचा वास, मग थोडे मध, आणि घोट गिळून झाल्यावर बऱ्याच वेळाने विझलेल्या चुलीसारखा धूर जाणवला. साईच्या माल्टचा मात्र पत्ता नाही. ते वीसऐवजी तीस घ्यायला हवे होते आणि फळांचे तेवढे कमी करायला हवे होते. एकूण बरी आहे, थोर नाही. एका स्नेह्यांनी तिच्यात सोडा घातला आणि मला वाईट वाटले नाही, यावरून काय ते समजावे.

आज लेखात तीन बदल केले आहेत. वयाविषयीचे वाक्य दुरुस्त करून तिथे दुरुस्तीची तारीख घातली आहे. ब्लेंडिंग डिस्टिलरीत होत नाही, हे दुसऱ्या परिच्छेदात जोडले आहे. आणि शीर्षक बदलून ‘कीथमध्ये मी मिसळलेली स्कॉच’ असे केले आहे. ‘भेसळ’ हा शब्द मात्र आपल्या प्रतिक्रियेतच राहू द्यावा, लेखात तो येणार नाही.

आपला,
लेखक