१९६६: एका सर्व्हेअरच्या नजरेतून वेल्स

१९६६ म्हटलं की इंग्लंडमधला माणूस फुटबॉलचा वर्ल्ड कप सांगतो. वेल्समध्ये तोच आकडा काढला आणि समोरचे आजोबा गप्प झाले.

लेकीकडे कार्डिफला आलोय तीन महिन्यांसाठी. शेजारचे आजोबा रोज कुंपणापाशी भेटतात. मी चंद्रपूरकडचा, एकतीस वर्षं कोळशाच्या खदानीत सर्व्हेअर होतो, हे कळल्यावर म्हणाले, "मग ॲबरव्हॅनला जाऊन या." (खाणीचं गाव, १९६६ च्या दुर्घटनेचं. नावात लिहितात एफ, पण वेल्श भाषेत एका एफचा उच्चार व्ह. माझा सुरुवातीला घोटाळा झाला, तुमचा नको व्हायला.)

तसं ते साल वेल्ससाठी गाजलेलंच. १४ जुलैला कार्मार्थेनच्या पोटनिवडणुकीत ग्विन्व्होर इव्हान्स निवडून आले. प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचा ब्रिटिश संसदेतला हा पहिला खासदार. मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत हाच माणूस याच मतदारसंघात तिसरा होता. चार महिन्यांत तिसऱ्याचा पहिला! ८ सप्टेंबरला राणीने सेव्हर्न नदीवरचा मोठा झुलता पूल खुला केला. वेल्सचं दार म्हणून त्याचं कौतुक झालं. गंमत अशी की त्या पुलाची दोन्ही टोकं इंग्लंडमध्येच आहेत. राजकारणावर बोलणारे जुलैवर तासभर बोलतात. मला विचाराल तर ते साल ऑक्टोबरात कळतं, आणि त्याच्या आधीच्या तीन वर्षांतल्या फायलींत.

आम्ही शनिवारी गेलो. रेल्वेने मर्थर व्हेल स्टेशन, तिथून टाफ नदी ओलांडून पायी. अरुंद दरी, चढाला चिकटून घरांच्या रांगा, आणि वर हिरवागार डोंगर. त्या हिरव्या डोंगरावर एके काळी खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीचे सात ढिगारे होते. आमच्याकडे ओपनकास्टचा, म्हणजे उघड्या खदानीचा, ओबी असतो (कोळशावरची उकरून काढलेली दगडमाती), तो वेगळा. यांचं काम जमिनीखालचं. पण ढीग कोणताही असो, पाणी त्याच्याशी सारखंच वागतं. सातव्या ढिगाऱ्याचं काम १९५८ मध्ये सुरू झालं. पुढे त्यावर कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही टाकायला लागले. उंची गेली १११ फुटांवर. आणि तो बसवला होता झऱ्याच्या डोक्यावर.

माझं सगळं आयुष्य नकाशे करण्यात गेलं म्हणून इथे जरा थांबतो. हा झरा नकाशावर होता. सरकारी छापील नकाशावर. त्यासाठी ड्रिलिंग मशीन लागत नव्हतं, नकाशा उघडून त्यावर बोट फिरवलं असतं तरी पुरलं असतं. शिवाय चौथा ढिगारा १९४४ मध्ये घसरलेला, आणि खुद्द सातवाही १९६३ मध्ये घसरलेला. त्याच १९६३ मध्ये तिथल्या नगरपालिकेच्या इंजिनिअरने पत्र लिहिलं होतं. पत्राचा विषयच असा: पँटग्लास शाळांच्या मागे टाकल्या जाणाऱ्या कोळशाच्या गाळाचा धोका. शाळेचं नाव विषयातच होतं हो! ज्याने ऑफिसात आवक-जावक पाहिलीय त्याला पुढचं सांगायला नको. पत्र गेलं, पोच आली, पत्रापत्री झाली, आणि ढिगारा तिथेच वाढत राहिला.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी शाळा सुटून आठवडाभराची सुट्टी लागणार होती. साडेसातला वर कामावर गेलेल्या माणसांना ढिगाऱ्याचा माथा खचलेला दिसला. फोन नव्हता, कारण त्याची तार पुन्हा पुन्हा चोरीला जायची. निरोप द्यायला एक माणूस पायी खाली गेला. (फोन असता तरी उपयोग झाला नसता, असं पुढे चौकशीत ठरलं.) खाली दरीत धुकं. सव्वानऊच्या सुमारास सगळं खाली, त्या पँटग्लास शाळेवर आलं. मुलं नुकतीच वर्गात बसली होती. शाळेत जेवणाचे पैसे गोळा करणाऱ्या बाईंनी पाच मुलांना स्वतःच्या अंगाखाली घेतलं. मुलं वाचली, बाई गेल्या. अकरानंतर ढिगाऱ्यातून एकही माणूस जिवंत निघाला नाही. एकूण १४४ गेले, त्यांतली ११६ मुलं, बहुतेक ७ ते १० वर्षांची. खाणीतली माणसं वर येऊन फावड्यांनी आपलीच पोरं शोधत होती. हे वाचताना मी चष्मा काढून ठेवला.

खाणी चालवणाऱ्या सरकारी नॅशनल कोल बोर्डाचे अध्यक्ष लॉर्ड रोबेन्स त्या वेळी सरे विद्यापीठाचे कुलपती होण्याच्या समारंभाला गेले. ॲबरव्हॅनला पोचले शनिवारी संध्याकाळी. डोंगराच्या पोटातला झरा कळणं शक्यच नव्हतं, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं. आणि मृत्यूच्या चौकशीत एका बापाने उठून मागणी केली, माझ्या मुलाच्या मरणाचं कारण "नॅशनल कोल बोर्डाने जिवंत पुरलं" असं लिहा.

चौकशी आयोग ७६ दिवस बसला. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस शेजारच्याच दरीतले, माउंटन ॲशचे. ऑगस्ट १९६७ च्या अहवालात त्यांनी दोष सरळ बोर्डावर ठेवला, पण ही खलनायकांची गोष्ट नाही, अज्ञान आणि मूर्खपणामुळे भरकटलेल्या सभ्य माणसांची आहे, असंही म्हटलं. मला हे पटतं, आणि पटतं म्हणूनच जास्त त्रास होतो. आम्ही सगळे सभ्यच होतो की. मीसुद्धा "पुढील कार्यवाहीसाठी सादर" लिहून फाइल पुढे ढकलली आहे, एकदा नाही, अनेकदा.

एकाचीही नोकरी गेली नाही. रोबेन्स यांनी राजीनामा देऊ केला, तो घेतला गेला नाही. ते १९७१ पर्यंत खुर्चीत होते. पुढे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर सरकारने समिती नेमली, तिचे अध्यक्ष कोण? हेच. त्या समितीच्या अहवालातून ब्रिटनचा १९७४ चा सुरक्षा कायदा आला. कायदा चांगला आहे, जावई त्याच क्षेत्रात आहे, तोही सांगतो. तरी हसावं की रडावं कळेना.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मूल गेलेल्या घराला बोर्डाने ५०० पौंड दिले. लोकांनी मात्र भरभरून दिलं, मदतनिधी साडेसतरा लाख पौंडांच्या आसपास गेला. त्यातून पैसे देण्याआधी आईबाप त्या मुलाच्या कितपत जवळचे होते ते पाहा, असं धर्मादाय निधींवर देखरेख करणाऱ्या चॅरिटी कमिशनकडून सुचवलं गेलं. आणि डोंगरावर उरलेले ढिगारे? गाव म्हणालं, हटवा, आम्हाला झोप लागत नाही. धोका नाही, असं उत्तर आलं. शेवटी गावकऱ्यांनी पिशव्या भरून तोच गाळ कार्डिफच्या वेल्श ऑफिसात, म्हणजे वेल्सचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या कचेरीत, नेऊन ओतला. मग सरकार हटवायला तयार झालं, पण खर्चासाठी दीड लाख पौंड मदतनिधीतून घेतले. म्हणजे ज्यांची पोरं त्या गाळाखाली गेली, त्यांच्यासाठी परक्यांनी पाठवलेल्या पैशांतून तो गाळ उचलला. तोही मजूर पक्षाच्या राज्यात, ज्याला या खाणकामगार दऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डोळे मिटून मतं दिली.

ते दीड लाख १९९७ मध्ये परत मिळाले. बरोबर दीड लाख. तीस वर्षांचं व्याज शून्य. २००७ मध्ये वेल्सच्या स्वतःच्या सरकारने आणखी वीस लाख पौंड दिले. वेल्सचा कारभार वेल्सच्या हाती मागणाऱ्या पक्षाने जिंकलेल्या त्या जुलैच्या निवडणुकीचं महत्त्व मला कोणत्या भाषणापेक्षा या एका नोंदीत दिसलं.

शाळेच्या जागी आता बाग आहे. वर दफनभूमीत पांढऱ्या कमानींच्या रांगा, दरीतून लांबूनही दिसतात. तिथे मी कुणाची नावं वाचली नाहीत, वाचवेना. उतरताना रस्त्याच्या कडेने पाण्याची बारीक धार वाहत होती. पाऊस तर सकाळपासून नव्हता. ही कुठून येते, म्हणून मी मान वर करून डोंगराचा उतार पाहत उभा राहिलो. लेक पुढे गेलेली, मागे वळून म्हणाली, "बाबा, चला ना, गाडी चुकेल."