‘हात वळत नाही म्हणून अमूर्त’ म्हणणाऱ्यांना, कोल्हापुरातून

आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : ‘ज्यांना चित्र काढता येत नाही ते अमूर्त काढतात. असले फराटे बालवाडीतलं पोरही मारेल. हे परदेशी खूळ आहे, आबालाल रहिमानांच्या कलापुरात ते कशाला? आणि त्याला अर्थ तरी काय?’ अमूर्त म्हणजे ज्यात ओळखीची वस्तू हुबेहूब दिसत नाही असं चित्र. आणि आबालाल म्हणजे आमच्या कोल्हापूरचे जुने, नावाजलेले चित्रकार. त्यांना मध्ये ओढलंय, म्हणून उत्तर देतोय.

आधी हाताचं. मोंद्रियान हा डच चित्रकार उभ्या-आडव्या काळ्या पट्ट्या आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकोनांसाठी ओळखला जातो. त्याआधी कित्येक वर्षं तो पवनचक्क्या, नदीकाठ, झाडं रंगवत होता. १९०८ ते १९१२ या काळातली त्याची झाडं शेजारी-शेजारी ठेवून बघा. लाल झाडाच्या फांद्या अजून फांद्या आहेत. करड्या झाडात त्यांच्या कमानी झाल्यात. फुललेल्या सफरचंदाच्या झाडात झाड जवळजवळ विरलंय आणि कमानींची लय तेवढी मागं राहिलीय. ज्याला झाड काढता येत नाही त्याला त्यातलं काय गाळायचं हे कुठून कळणार? आपले चित्रकार सय्यद हैदर रझा बिंदूच्या अमूर्त चित्रांकडे वळण्याआधी मुंबईची दृश्यं जलरंगात काढत. याच वाटेचे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली मुंबईच्या जे.जे. कलाशाळेची पदविका घेतली, ती काही फराटे मारून मिळत नव्हती.

बालवाडीच्या पोराचं म्हणाल, तर ते कुणीतरी तपासून पाहिलंय. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमूर्त चित्रकाराचं एक आणि लहान मुलाचं किंवा प्राण्याचं एक, अशी चित्रं जोडीनं दाखवली. लोक काही वेळा चुकले, हे खरं. पण नुसत्या अंदाजानं जमेल त्यापेक्षा जास्त वेळा त्यांनी चित्रकाराचंच चित्र सरस ठरवलं.

‘परदेशी’ या शब्दाचा मला खरा राग आहे. आबालाल कुठं शिकले? इंग्रजी अमदानीत, १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे.जे.मध्ये. छायाप्रकाश, यथार्थदर्शन (सपाट कागदावर जवळ-लांबचा भास), तैलरंग, सगळं तिकडूनच आलं. आबालालांनी, बाबूराव पेंटरांनी ते असं पचवलं की आज आपण त्याला कोल्हापूरची परंपरा म्हणतो. मग अमूर्तालाच वेशीवर का अडवायचं? आणि शेंदूर फासलेल्या तांदळ्यापुढं हात जोडताना त्याला नाक-डोळे नाहीत म्हणून कुणी अडून बसतं का?

आता अर्थ. जानेवारी १९११ मध्ये कान्डिन्स्की या रशियन चित्रकारानं जर्मनीतल्या म्युनिकला शोनबर्ग या संगीतकाराचं संगीत ऐकलं आणि लगोलग त्या मैफिलीवर चित्र रंगवलं. त्यात पिवळ्या रंगाचा लोट काळ्या आकारावर येऊन धडकतो. सुरांना कशाची नक्कल करावी लागत नाही, तरी ते आत पोचतात, तर रंगांना ते का जमू नये, हा त्याचा प्रश्न होता. म्हणून तर तो चित्रांना ‘कॉम्पोझिशन’, ‘इम्प्रोव्हायझेशन’ अशी संगीतातली नावं देई. हा प्रश्न कोल्हापूरकरांना तरी परका वाटू नये. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब गायले ते याच गावात. ‘आ’कारातल्या आलापाला शब्द नसतात, पण म्हणून श्रोता उठून जात नाही.

गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्तही म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष, म्हणजे कुठल्याच वस्तूवर न बेतलेली, म्हणत. त्यांना झेन विचाराची ओढ होती, आणि काम अतिशय सावकाश चाले. रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग पसरायच्या पातळ सुरीनं) रंगाचे थर चढवायचे, मधूनच काढून घ्यायचे. त्यामुळं उजेड रंगाच्या आतून येतोय असं वाटतं, आणि त्यासाठी चित्रासमोर थोडं थांबावं लागतं. मोबाइलवर अंगठ्यानं सरकवताना तो दिसत नाही.

अमूर्ताच्या नावाखाली काहीजण वाईट चित्रं खपवतात, हे मान्य. तशी वाईट निसर्गचित्रंही ढिगानं आहेत.

मेसेज पुढं ढकलण्याआधी एकदा टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालालांच्या चित्रांसमोर उभे राहा. आपला हात डोळ्यांसमोर असा धरा, की झाड आणि काठ झाकले जातील आणि पाण्यावरचा किंवा आभाळातला एवढासा तुकडा दिसेल. मग सांगा, त्या तुकड्यात रंगाखेरीज काय आहे, आणि तरी नजर तिथंच का थांबली.